ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलंय. जावं, की काहीतरी कारण सांगून सुटावं?

सोनचाफा | १२ फेब्रुवारी

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेची सिटिझनशिप घेतली तेव्हा शपथ झाली, फोटो झाले, मैत्रिणींनी केक आणला. त्याचं बिल आता आलंय. मागच्या आठवड्यात टपालात काउंटी कोर्टाचं पाकीट होतं. नवऱ्यानं आधी उघडलं आणि विचारलं, "तू कुठे सिग्नल तोडलास का?" ज्यूरी ड्यूटीचं समन्स, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य लोकांत बसायचं बोलावणं. न्यू ब्रन्सविकला सकाळी सव्वाआठला हजर व्हा.

ऑफिसात सांगितल्यावर तिघांनी तीन युक्त्या सांगितल्या. एक म्हणाला, पोलिसांवर माझा अजिबात विश्वास नाही असं सांग. दुसरी म्हणाली, पोलिसांवर माझा डोळे झाकून विश्वास आहे असं सांग. तिसऱ्यानं विचारलं, पाठदुखी आहे का? न्यू जर्सीत पहिले तीन दिवस रोजचे पाच डॉलर मिळतात. पाच डॉलरमध्ये एडिसनला मिसळीची प्लेटसुद्धा येत नाही.

चेष्टा बाजूला. मी अकाउंटंट आहे. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही. आजोबा साताऱ्याला कोर्टात शिरस्तेदार होते. नानावटी खटल्याचा विषय निघाला की ते म्हणायचे, रस्त्यावरची नऊ माणसं उचलून खुर्चीत बसवली की न्याय होतो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा आमच्या कोर्टात येऊन बसावं. तेच डोक्यात बसलंय. आणि इथे म्हणे हा घटनेनं दिलेला हक्क. कुणाचा हक्क? माझा तर नक्कीच नाही, मला दंडाची धमकी देऊन बोलावलंय.

कुणी गेलंय का? अनुभव सांगा. आणि युक्त्या असतील तर त्याही.

टवाळ | १२ फेब्रुवारी

सोपं आहे. समन्सला मराठीत उत्तर पाठवा. "सा. न. वि. वि., आपले कृपापत्र पोचले. घरी सत्यनारायण असल्याने येणे जमणार नाही. कळावे, लोभ असावा."

बाणेर टू बोस्टन | १२ फेब्रुवारी

@टवाळ, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

पण इंग्रजी येत नाही हे कारण ताईंना चालणार नाही. सिटिझनशिपची मुलाखत इंग्रजीतच दिली ना? आणि तेव्हाच्या त्या शंभर प्रश्नांत एक प्रश्न असायचा, फक्त नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोनच, फेडरल निवडणुकीत मतदान करणं किंवा ज्यूरीत बसणं. तुम्ही काय सांगितलं होतंत?

सोनचाफा | १२ फेब्रुवारी

@बाणेर टू बोस्टन, ज्यूरी 🙈 मतदानापेक्षा उच्चारायला सोपं वाटलं.

रात्रपाळी | १२ फेब्रुवारी

मला ग्रीन कार्डावर असताना समन्स आलं होतं, तेही याच राज्यात. इथे नावं मतदार यादीबरोबर ड्रायव्हिंग लायसन्स आणि राज्याच्या टॅक्स भरणाऱ्यांच्या यादीतूनही काढतात, म्हणून आमच्यासारखेही जाळ्यात येतात. घाबरून जायचं नाही आणि पाकीट कचऱ्यातही टाकायचं नाही. प्रश्नावलीत "नागरिक नाही" असं खरं लिहायचं, विषय संपतो. उलट नागरिक नसताना हौसेनं जाऊन बसलात तर पुढे भलतंच लचांड मागे लागेल.

खवट | १३ फेब्रुवारी

तुमचे आजोबा शहाणे होते.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते ठीक, बारामुखी निव्वळ गोंधळ. हृदयाचं ऑपरेशन करायला आपण बसस्टॉपवरची बारा माणसं बोलावतो का? मग एखाद्याचं आयुष्य त्यांच्या हातात का द्यायचं? न्यायाधीश चूक करतो तेव्हा निदान निकालपत्र तरी लिहितो. अमुक पुरावा मी का मानला, तमुक साक्षीदार मला खोटा का वाटला, सगळं कागदावर असतं, वरच्या कोर्टात त्याची चिरफाड करता येते. ज्यूरी काय करते? एक शब्द किंवा दोन शब्द बोलते आणि घरी जाऊन टीव्ही लावते. का, ते कुणालाच कळत नाही.

ओ. जे. सिम्प्सन आठवा. १९९५ साली एका ज्यूरीनं खुनातून सोडला, १९९७ साली दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्यूरीनं त्याच मृत्यूंना त्याला जबाबदार धरून कोट्यवधी डॉलर भरायला लावले. मग खरं कोण?

कायदेवाली | १३ फेब्रुवारी

@खवट काका, दोघीही खऱ्या असू शकतात. फौजदारीत गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत पारडं थोडं जरी एका बाजूला झुकलं तरी पुरतं. तराजू एकच, वजनं वेगळी.

ताई, मी इथे पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसात काम करते, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची बाजू मांडते. तुमचा "कुणाचा हक्क" हा प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हक्क आरोपीचा. मूळ घटनेच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय की महाभियोग सोडून सगळ्या गुन्ह्यांचा खटला ज्यूरीपुढे चालेल. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध तक्रारींची जी यादी आहे, त्यात "आम्हाला ज्यूरीपासून वंचित ठेवलं" ही एक तक्रार आहेच. तरी लोकांचं समाधान झालं नाही, म्हणून १७९१ मध्ये सहावी दुरुस्ती आली. लवकर, उघड, आणि जिथे गुन्हा घडला त्या भागातल्या निःपक्षपाती ज्यूरीपुढे खटला. सातवी दुरुस्ती दिवाणी दाव्यांसाठी, वीस डॉलरपेक्षा जास्त रकमेचा वाद असेल तर. हो, वीस. तो आकडा आजही तसाच आहे.

गंमत अशी की हे सगळं आधी फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांना लागू होतं. राज्यांच्या कोर्टांवर फौजदारी खटल्यांत ज्यूरी देण्याचं बंधन यायला १९६८ उजाडलं. त्या खटल्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लुइझियानात गॅरी डंकन नावाचा १९ वर्षांचा काळा मुलगा गाडीनं चालला होता. रस्त्याकडेला त्याच्या नात्यातले दोन धाकटे मुलगे चार गोऱ्या मुलांशी बोलताना दिसले. नात्यातल्या त्या दोघांनी नुकताच पूर्वी फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत प्रवेश घेतला होता आणि तिथे त्रास चालू होता. डंकन उतरला, त्या दोघांना गाडीत बसवलं, आणि निघताना एका गोऱ्या मुलाच्या कोपराला हात लावला. गोरे साक्षीदार म्हणाले चापट मारली, डंकनकडचे म्हणाले नुसता स्पर्श केला. ६० दिवस कैद आणि १५० डॉलर दंड. ज्यूरी मागितली तर राज्य म्हणालं, आमच्याकडे ज्यूरी फक्त फाशी किंवा सक्तमजुरीच्या गुन्ह्यांना. त्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एवढा गुन्हा असेल तर राज्यालाही ज्यूरी द्यावीच लागेल. सहा महिन्यांपर्यंतच्या किरकोळ गुन्ह्यांना मात्र हा हक्क नाही.

कोपराला हात, एवढ्यावरून. आता काका, त्या गावात एकटा न्यायाधीश बरा की बारा माणसं?

खवट | १३ फेब्रुवारी

त्या गावात बारा माणसं तरी कुठल्या रंगाची असणार होती? न्यायाधीश गोरा आणि बाराही गोरे. फरक काय पडला?

कायदेवाली | १३ फेब्रुवारी

मुद्दा मान्य, आणि तो दुखरा आहे. लुइझियानानं १८९८ मध्ये एकमताची अटच काढून टाकली होती. हेतू उघड होता, ज्यूरीत एखाददुसरा काळा माणूस आलाच तर त्याच्या मताला किंमत उरू नये. नंतर तिथे बारापैकी दहा जण "दोषी" म्हणाले की माणूस जन्मठेपेवर जायचा. ऑरेगनमध्येही १९३४ पासून तसंच. हे पुरतं थांबलं २०२० साली, सुप्रीम कोर्टाच्या रामोस खटल्यात. २०२०! आम्ही घरी बसून भाज्या सॅनिटाइज करत होतो तेव्हा.

आणि ज्यूरी निवडताना वकिलांना काही नावं कारण न देता वगळता येतात, त्यात वंश पाहून वगळायचं नाही हा निकाल १९८६ चा. वकील आता दुसरी कारणं शोधतात, ते वेगळं.

काळाघोडा | १४ फेब्रुवारी

नानावटीचं नाव निघालंय म्हणून हात शिवशिवले. मी मुंबईत वकिली करतो. या खटल्याबद्दल अर्धी मुंबई चुकीचं सांगते, म्हणून थोडं.

२७ एप्रिल १९५९, नौदल अधिकारी नानावटीच्या हातून बायकोच्या प्रियकराचा, प्रेम आहुजाचा खून. सेशन्स कोर्टात नऊ जणांची ज्यूरी, आठ विरुद्ध एक मतानं "निर्दोष". 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं नानावटीची बाजू इतकी लावून धरली होती की पाव रुपयाचा अंक दोन रुपयांना विकला जायचा. रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्व्हर नावाची खेळणी मिळायची. त्या वातावरणात नऊ माणसं रोज संध्याकाळी घरी जात होती, हे ध्यानात घ्या.

आता चुका. पहिली, "ज्यूरीनं सोडला म्हणून नानावटी सुटला." नाही. न्यायाधीश मेहतांनी निकाल मान्य केला नाही आणि कलम ३०७ खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टानं १९६० मध्ये जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये ती कायम केली. सुटला तो १९६४ च्या राज्यपालांच्या माफीनं. दुसरी, "हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला." हेही नाही, त्यानंतरही ज्यूरीपुढे खटले चालले. तिसरी, "नानावटीमुळे ज्यूरी गेली." लॉ कमिशनच्या चौदाव्या अहवालानं ज्यूरी रद्द करा असं १९५८ मध्येच सांगितलं होतं. तेव्हा आहुजा धडधाकट होता. कायद्यातून ती पुरती गेली १९७३ च्या फौजदारी संहितेनं, जी १ एप्रिल १९७४ ला लागू झाली.

खरा फरक त्या कलम ३०७ मध्ये आहे. अमेरिकेत ज्यूरी "निर्दोष" म्हणाली की खेळ खलास. न्यायाधीशाला कितीही राग येवो, तो निकाल फिरवता येत नाही. आपल्याकडे न्यायाधीशाला पटलं नाही तर फाइल वर जायची. आणि कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या गुन्ह्यांना ज्यूरी, हे सरकार नोटिफिकेशन काढून ठरवायचं. सरकारनं दिलेली सोय सरकारनं काढून घेतली, हक्क नव्हताच. आपल्या राज्यघटनेत ज्यूरीचा शब्दही नाही.

मोडीवेडा | १४ फेब्रुवारी

@काळाघोडा, हक्क नव्हता असं कसं? गोऱ्यांचा होता की! हिंदी न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालवता यावेत म्हणून आणलेल्या इल्बर्ट बिलावरून १८८३ मध्ये जे रणकंदन झालं त्याचा शेवट कसा झाला? युरोपियन आरोपीला निम्मी तरी ज्यूरी गोऱ्यांची मागता येईल, ही तडजोड १८८४ मध्ये झाली. आपल्यातल्या बारा माणसांपुढे उभं राहायचा मान त्यांना, आणि टिळकांना काय?

१८९७ चा राजद्रोहाचा खटला. नऊ जणांत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, दीड वर्ष. १९०८ ला सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. गणित इतकं चोख की ज्यूरी बसली तेव्हाच निकाल सांगता आला असता. आणि लेख 'केसरी'तले, मराठीत. ज्यांनी शब्दांचा अर्थ लावायचा त्या बहुसंख्य ज्यूरीला मराठी येत नाही! भाषांतरावरच सगळं. टिळक २१ तासांहून जास्त वेळ स्वतःची बाजू मांडत होते, त्यातला मोठा भाग या शब्दाला हा अर्थ नाही, त्या शब्दाला तो अर्थ नाही, हेच सांगण्यात गेला.

ज्यूरीनं दोषी ठरवल्यावर ते जे बोलले ते हायकोर्टात संगमरवरावर कोरलंय. ज्यूरीनं काही म्हटलं तरी मी निर्दोष आहे.

खवट | १४ फेब्रुवारी

धन्यवाद मोडीवेडा. माझंच काम केलंत.

मोडीवेडा | १४ फेब्रुवारी

तुमचं नाही केलं काका! शिक्षा ठोठावणारे न्यायमूर्ती दावर हिंदीच होते, आणि १८९७ मध्ये टिळकांच्याच कामात वकील म्हणून उभे राहिलेले. एकट्या न्यायाधीशानं काय दिवे लावले? त्या नऊ जणांत जे दोघे "नाही" म्हणाले, तेवढीच त्या दिवसाची शोभा.

घाटपांडे आजी | १५ फेब्रुवारी

हे ज्यूरीचं खूळ इंग्रजांनी आणलं असं सगळे धरून चाललेत. आपल्याकडे गोतसभा होती की. वतनाचा तंटा असला की गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसायचे आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा. माझ्या माहेरी एक जुना कागद होता, त्यावर खाली सह्यांच्या जागी चित्रं. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. लहानपणी मला वाटायचं कुणी पोरानं रेघोट्या मारल्यात. नंतर वडिलांनी सांगितलं, ही माणसं न्यायाला बसली होती, ही त्यांची निशाणी.

मोडीवेडा | १५ फेब्रुवारी

आजी, तो कागद आता कुठे आहे??? प्लीज फोटो टाका.

आणि तुलना पूर्ण जुळत नाही. गोतसभेतली माणसं वादी-प्रतिवादींना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी, ओळखतात म्हणूनच बसायची. इथे ओळखीचा निघाला तर पहिला बाहेर. शिवाय गोतात कुणाला बसवायचं हे जातीवरून आणि वतनावरून ठरायचं. नांगराची निशाणी होती, पण नांगर धरणाऱ्या सगळ्यांची नव्हती.

घाटपांडे आजी | १५ फेब्रुवारी

वाळवी लागली रे बाळा. १९७२ ला.

थेम्सकाठचा | १६ फेब्रुवारी

लंडनहून. इथली एक मजा. माझा पासपोर्ट भारतीय, तरी मी ज्यूरीत बसलोय. इथे कॉमनवेल्थ देशांचे रहिवासी मतदार यादीत येतात, आणि यादीत नाव, वय १८ ते ७५, पाच वर्षं वास्तव्य असलं की बोलावणं येऊ शकतं. तेव्हा एक इंग्रज आरोपी पिंजऱ्यात आणि त्याचा निवाडा करणाऱ्या बारांत एक मिरजेचा माणूस. मोडीवेड्यांचं इल्बर्ट बिल वाचून आत्ता कळलं की मला त्या दिवशी एवढं छान का वाटत होतं 😀

आत काय चर्चा झाली हे सांगणं इथे गुन्हा आहे, म्हणून एवढंच सांगतो की बिस्किटं बरी होती. १९६७ पासून इथे दहा विरुद्ध दोननंही निकाल लागू शकतो.

टवाळ | १६ फेब्रुवारी

पारले-जी होती का, तेवढं तरी सांगा. आम्ही कुणाला सांगणार नाही.

काळाघोडा | १६ फेब्रुवारी

अवांतरात भर. भारतातून ज्यूरी गेली असं वर मीच लिहिलं, पण तिची एक पुतणी अजून मुंबईत आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६. पारशी जोडप्याचा घटस्फोट न्यायाधीश एकटा ठरवत नाही, समाजातले पाच डेलिगेट बरोबर बसतात. पूर्वी सात असायचे, १९८८ च्या दुरुस्तीत पाच झाले. नवरा-बायकोचं भांडण, आणि समोर आपल्याच समाजातली पाच वडीलधारी माणसं. विचार करा.

दुभाषी | १७ फेब्रुवारी

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज राहवलं नाही.

मी इथल्या कोर्टांत दुभाषाचं काम करते, मराठी, हिंदी, गुजराती. तुम्ही सगळे ज्यूरी चांगली की वाईट यावर भांडताय. मी बारा वर्षांत शेकडो प्रकरणं केली, ज्यूरीपुढे चाललेले खटले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकी सगळे तडजोडीत. सरकारी वकील सांगतो, खटला लढवलास आणि हरलास तर दहा वर्षं, आत्ता गुन्हा कबूल केलास तर दोन. घटनेनं हक्क दिलाय, पण तो वापरायची किंमत एवढी की शहाणा माणूस वापरत नाही. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानंच निकालपत्रात आकडे दिले होते. फेडरल कोर्टांत होणाऱ्या शिक्षांपैकी ९७ टक्के आणि राज्यांत ९४ टक्के कबुलीवर होतात.

कबुली देताना न्यायाधीश एकेक प्रश्न विचारतात आणि मी भाषांतर करते. "ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा तुमचा घटनादत्त हक्क तुम्ही सोडत आहात, हे तुम्हाला समजलं का?" "कुणी धाक दाखवला का? काही आमिष?" उत्तर ठरलेलं. हो, समजलं. नाही, धाक नाही.

एकदा एक वयस्कर गृहस्थ होते, ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील सांगत नाही. "ज्यूरी" हा शब्द मी "पंच" असा सांगितला. ते थांबले. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "पंच होते इथे? मग मला अजून कुणी भेटवलं का नाही?" मी ते इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं, तेच माझं काम. कोर्टात दोन सेकंद शांतता. त्यांचा वकील त्यांच्या कानाशी लागला, मी तेही भाषांतर केलं. परत तोच प्रश्न आला. या वेळी ते म्हणाले, "हो, समजलं."

कधी कधी वाटतं दुसरा शब्द वापरायला हवा होता.

कायदेवाली | १७ फेब्रुवारी

तो कानाशी लागणारा वकील मी अनेकदा असते. आणि दहाविरुद्ध दोन वर्षांचा हिशेब अशिलाला समजावून सांगताना मला घटनेतलं काहीही आठवत नाही, त्याच्या पोरांची वयं आठवतात.

रात्रपाळी | १७ फेब्रुवारी

दुभाषीताई, लिहीत जा हो इथे. सुन्न.

बाणेर टू बोस्टन | १८ फेब्रुवारी

मागच्या वर्षी मी गेलो होतो त्याचा अर्थ आत्ता लागला. आम्ही चाळीसेक जण सकाळपासून हॉलमध्ये. मी डबा नेला होता, थालीपीठ. अकरा वाजता सांगितलं, प्रकरण मिटलं, आरोपीनं गुन्हा कबूल केला, घरी जा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. आज जरा कसंतरी वाटतंय त्या टाळ्यांचं.

खवट | १८ फेब्रुवारी

म्हणजे खटले ज्यूरीशिवायच निकाली निघतात आणि न्यायाधीशही ठरवत नाही, सरकारी वकील ठरवतो. हे तर माझ्या म्हणण्याहून वाईट निघालं.

सोनचाफाताई, माझं मत बदललेलं नाही. तरी तुम्ही जा. जो कुणी तिथवर पोचला असेल त्यानं मोठी जोखीम घेतलेली असणार.

सोनचाफा | १८ फेब्रुवारी

काका, तुम्हीच असं म्हटल्यावर काय बोलणार. ९ मार्चला आहे. जाते. पाठदुखी आली तरी.

टवाळ | २१ मार्च

धागा वर काढतोय. ताई परत आल्या का, की त्यांनाच आत टाकलं?

सोनचाफा | २२ मार्च

आले, आले. संपल्याशिवाय लिहायचं नव्हतं, मनाई होती.

निवडले गेले. न्यायाधीशबाईंनी प्रश्न विचारले, त्यात "गाडीवर कुठले स्टिकर आहेत" हाही होता. आमच्या गाडीवर गणपती आहे. मी सांगितलं, बाई हसल्या, पुढे गेल्या. चौदा जणांना बसवलं. शाळेची बस चालवणारे एक आजोबा, एक नर्स, डोनटच्या दुकानात काम करणारा विशीतला मुलगा, एक निवृत्त फायरमन. त्या चौदांत आपल्याकडची मी एकटीच.

खटला दुकानातल्या जबरी चोरीचा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. कॅमेऱ्यात ८:४० ला जाड जॅकेटातला माणूस दिसतो, चेहरा नीट नाही. आरोपीकडे त्याच संध्याकाळची ७:४२ ची औषधाच्या दुकानाची पावती, अर्ध्या तासावरच्या गावातली. सरकारी वकील म्हणाला, तासभर होता, आरामात पोचला असेल. मला पटलं. दोन दिवस माझ्या मनात तो माणूस दोषीच होता, हे कबूल करते.

टिपणं काढायला वह्या दिल्या होत्या, घरी न्यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एक पोलीस साक्षीला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, कॉल आला आणि आम्ही आठच्या आत तिथे होतो. मी लिहून घेतलं, ७:५५. मागचं पान उलटलं. त्याच कॅमेऱ्यात पोलीस दारातून आत येतात तेव्हा वेळ होती ८:५५.

अकाउंटंटला दोन रकाने जुळले नाहीत की पोटात दुखतं. रात्री भांडी लावताना लक्षात आलं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा! घड्याळं एक तास मागे होतात तो. दुकानाच्या कॅमेऱ्याचं कुणी मागे केलंच नसणार. म्हणजे ८:४० नव्हे, ७:४०. आणि ७:४२ ला हा माणूस अर्ध्या तासावर औषध घेत होता.

नवऱ्याला सांगायची सोय नाही. कोर्टात प्रश्न विचारायची आम्हाला मुभा नाही. बचावाच्या वकिलानं शेवटच्या भाषणात घड्याळाबद्दल एक वाक्य टाकलं, तेही इतकं घाईत की शेजारच्या आजोबांनी वहीत काही लिहिलं नाही. मी म्हटलं ठीक आहे, आत गेलो की मी फळ्यावर रकाने मांडून दाखवते.

मग क्लार्कनं एक डबा फिरवला. चौदातल्या दोघांनी आता बाजूला व्हायचं, बाराच आत जाणार. पहिली चिठ्ठी नर्सची. दुसरी माझी.

आम्हा दोघींना वेगळ्या खोलीत बसवलं. चर्चेत भाग नाही, एकमेकींशीही त्याबद्दल बोलायचं नाही. ती विणत होती. मी वहीसुद्धा जमा करून बसले होते. तीन तास. आयुष्यात इतकं कधी बोलावंसं वाटलं नव्हतं.

पाच वाजायच्या आत परत बोलावलं. निर्दोष.

आरोपीची आई मागच्या बाकावर होती, पाचही दिवस तोच निळा कोट. तिनं निकाल ऐकून आधी मुलाकडे पाहिलं नाही, खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

कायदेवाली | २२ मार्च

ताई!! काटा आला. वकिलानं त्या घड्याळावर पाच मिनिटं घालवायला हवी होती. मी आज आमच्या ऑफिसात ही गोष्ट सांगणार आहे.

खवट | २२ मार्च

बाकीच्या बारांच्या लक्षात आलं होतं का घड्याळाचं?

सोनचाफा | २२ मार्च

माहीत नाही काका. पार्किंगमध्ये बसवाले आजोबा भेटले, विचारणार होते. त्यांनी नुसता हात हलवला आणि गाडीत बसले. कदाचित घड्याळामुळे सोडलं, कदाचित त्यांना आईचा कोट दिसला असेल.

खवट | २२ मार्च

कारण लिहीत नाहीत, हेच तर मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.

सोनचाफा | २२ मार्च

हो. तुम्ही म्हणाला होतात.

टवाळ | २३ मार्च

पैसे किती मिळाले ते राहिलंच.

सोनचाफा | २३ मार्च

तीन दिवसांचे पाच-पाच, चौथ्यापासून रोज चाळीस. पंच्याण्णव डॉलर. चेक फ्रिजवर लावलाय, नवरा म्हणतो मिसळ खाऊ या.